कॅमेरा छातीवर की काठावर?

महाराष्ट्रातल्या नद्या-धरणांवर सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन बसणारे हौशी लोक पूर्वीही होते. आता त्यांच्यातल्या अनेकांच्या छातीवर, कपाळावर किंवा टोपीच्या कडेला एक छोटा ॲक्शन कॅमेरा असतो. हात मोकळे राहतात, यंत्र पाण्यात पडलं तरी बिघडत नाही आणि मासा लागल्याचा क्षण निसटत नाही. निक वुडमन यांनी २००२ साली गोप्रो कंपनी काढली ती लाटांवर स्वार होणाऱ्याला स्वतःचे फोटो काढता यावेत म्हणून, आणि २००४ साली मनगटावर बांधायचा, फिल्मचा रोल घालायचा त्यांचा पहिला कॅमेरा बाजारात आला. म्हणजे हे यंत्र घडलंच मुळी खेळाडूच्या अंगावरून त्याचा पराक्रम टिपण्यासाठी. लाटेवरचा खेळ काही सेकंदांत संपतो, तिथे ते चपखल बसतं. मासेमारीत मात्र ते अंगावर बांधलं की मासा पकडल्याचं दिसतं, मासेमारी दिसत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की आपली मासेमारी टिपायची असेल तर कॅमेरा अंगावरून उतरवून काठावर रोवावा. जव्हार तालुक्यातल्या दाभोशासारख्या ठिकाणी तर हे अधिकच लागू पडतं.

दाभोशाला लेंडी नदी सुमारे ३०० फुटांवरून खाली डोहात कोसळते. चहूबाजूंनी काळा कातळ, पावसाळ्यात त्यावर हिरवं शेवाळ. अशा जागी या कॅमेऱ्याचं भिंग आणि त्याचं गणित दोन्ही डोळ्यांना फसवतात. भिंग रुंद कोनाचं असतं. त्यात जवळची वस्तू आहे त्याहून मोठी आणि लांबची आहे त्याहून लहान दिसते. हात लांबवून कॅमेऱ्यापुढे धरलेला वीतभर मासा त्यामुळे हातभर वाटतो आणि मागचा कडा बुटका होतो. गळ टाकणाऱ्यांना पहिली युक्ती चांगली ठाऊक असते, तिला हसून सोडून देता येईल. दुसरी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. त्यात भर पडते चित्र स्थिर करणाऱ्या तंत्राची. २०१८च्या हीरो ७ या मॉडेलपासून गोप्रोने ते इतकं पुढे नेलं की धडपडत चालणाऱ्याचं चित्रही संथ वाहतं. चित्राच्या कडा थोड्या कापून प्रत्येक चौकट आधीच्या चौकटीशी जुळवून घेतली जाते. परिणामी शेवाळावर घसरलेला पाय, तोल सावरताना अंगाला बसलेला हिसका हे सगळं चित्रातून धुऊन जातं. बघणाऱ्याला वाटतं, वाट तर सोपी आहे. जव्हारजवळच्या काळमांडवी धबधब्यावर जुलै २०२०मध्ये पाच तरुण बुडाले, आणि मे २०२४मध्ये दाभोशाच्याच डोहात उंचावरून उडी घेतलेल्या एका तरुणाचा जीव गेला, त्या उडीची चित्रफीत नंतर मोबाइलवरून फिरत राहिली. या मृत्यूंचा दोष ॲक्शन कॅमेऱ्यावर टाकण्याचं कारण नाही. पण जिथे पाणी आणि कातळ असे निर्दय आहेत, तिथे निसरडेपणा पुसून टाकणारं चित्र लोकांपुढे ठेवताना ठेवणाऱ्याने दोनदा विचार करावा, इतकं तरी म्हणता येतं. काठावर तिकाटण्यावर ठेवलेला कॅमेरा हलतच नाही, त्यामुळे त्याला काही पुसावं लागत नाही. त्याच्यासमोर माणूस चाचपडत, एकेक दगड पायाने तपासत उतरतो ते जसंच्या तसं दिसतं.

आता वेळेचं बघू. कुणीही गळकरी सांगेल की मासेमारी म्हणजे नव्वद टक्के बसणं. अंगावरचा कॅमेरा या बसण्याचं काय टिपणार? दोन गुडघे आणि गळाची काठी. तेच ते चित्र तासभर कोण पाहील, म्हणून ते कापलं जातं आणि उरतात फक्त झटके: मासा लागला, ओढला, हातात आला. दहा मिनिटांत सहा मासे! पाहणाऱ्याचा समज होतो की हा डोह माशांनी भरलेला आहे. मग तोही गाडी काढतो. काठावरच्या चौकटीत मात्र बसण्यातही काही घडत असतं. खंड्या येऊन जातो, ऊन डोहाच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगावर सरकतं, पलीकडच्या काठावर कुणी कपडे धुवायला येतं. ते पाहणं कंटाळवाणं होईल हा आक्षेप खरा आहे, पण त्यावरचा उपाय कॅमेऱ्यातच आहे. दर दहा सेकंदांनी एक चौकट टिपायला सांगितली तर दोन तासांच्या ७२० चौकटी होतात आणि सेकंदाला ३० या वेगाने त्या २४ सेकंदांत पाहून होतात. बॅटरीही त्यात पुष्कळ वाचते. चोवीस सेकंद वाट पाहायला लावणं म्हणजे काही प्रेक्षकाचा छळ नव्हे.

वेळेचा आणखी एक अर्थ आहे, ऋतूचा. या भागातली मोठी मासेमारी गळाची नव्हेच. पहिला जोराचा पाऊस झाला की मासे नदीतून ओहोळात, ओहोळातून भातखाचरात अंडी घालायला चढतात. हेच ते चढणीचे, वलगणीचे मासे. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, सगळ्यांच्या पाड्यांवर तेव्हा बांबूच्या कामट्यांचे सापळे आणि जाळी बाहेर निघतात, रात्री बत्त्या घेऊन माणसं पाण्यात उतरतात. त्या वेळी पाणी इतकं गढूळ असतं की कॅमेरा बुडवला तर काही दिसायचं नाही. पाहुण्या गळकऱ्याला आवडणारं नितळ पाणी दिवाळीनंतर मिळतं, आणि नेमकं तेव्हाच पाड्यांवरची कितीतरी घरं वीटभट्ट्यांवर कामाला गेलेली असतात. मग चित्रात येते ती निर्मनुष्य नदी आणि एकटा शूर गळकरी. नदी निर्मनुष्य नसते. तिची माणसं पोटासाठी बाहेर गेलेली असतात, हे बंद घरांवरून कॅमेरा एकदा फिरवला तरी कळेल.

नदी आणि माणूस यांचं प्रमाण कसं ठेवावं याचा एक धडा याच जिल्ह्यात मिळतो. डहाणू तालुक्यातले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८, पद्मश्री २०११) यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रं जगभर नावाजली गेली. त्यांत अवघा पट जाळ्याच्या बारीक पांढऱ्या विणीने व्यापलेला असतो आणि माणूस असतो अगदी इवलासा. कोण पकडतोय यापेक्षा जाळं कसं पसरलंय, पाणी कसं हलतंय, हे तिथे मुख्य. छातीवरचा कॅमेरा याच्या नेमकं उलट करतो: पंजे राक्षसाएवढे, नदी मागे कुठेतरी पुसट. दोन्हींमागे पाहण्याची वेगळी रीत आहे हे मान्य. पण पाग फेकणाऱ्याचं चित्रण करायचं तर मला म्हसे यांची बाजू बरोबर वाटते. पाग हवेत गोल उघडतं आणि कडेच्या शिशाच्या मण्यांसह एकाच वेळी पाण्यावर टेकतं. हे सौंदर्य फेकणाऱ्याच्या छातीवरून दिसणं शक्यच नाही, दहा-पंधरा पावलं लांबूनच दिसतं.

उलट बाजूने एक गोष्ट कबूल करायला हवी. गाठ कशी मारावी, आमिष कसं ओवावं, काटा माशाच्या तोंडातून इजा न करता कसा काढावा, हे शिकवायचं असेल तर छातीवरच्या कॅमेऱ्याला तोड नाही. शिकणाऱ्याला करणाऱ्याच्या डोळ्यांनी हात दिसतात. तेवढ्यापुरता तो जरूर बांधावा, आणि काम झालं की काढावा.

काहीजण म्हणतील, आम्ही आमच्यासाठी चित्रण करतो, लोकांशी काय संबंध? चित्रफीत घरच्या कपाटात राहिली तर प्रश्नच नाही. पण ती बाहेर जाते, आणि तिच्याबरोबर ठिकाणही जातं. हीरो ५पासून गोप्रोच्या बहुतेक मॉडेलांत जीपीएस आहे, ते चालू असेल तर जागेचे आकडे थेट चित्रफितीच्या फाइलमध्ये नोंदले जातात. दाभोशाचा धबधबा नकाशावर आहेच, तो लपवण्यात अर्थ नाही, आणि पर्यटक आले तर चहा-भाकरीवर दोन पैसे गावाला मिळतात हेही खोटं नाही. प्रश्न आहे तो वरच्या अंगाच्या छोट्या डोहांचा, जिथे उन्हाळ्यात पाणी आटलं की मासे कोंडले जातात आणि पाड्याला त्यांचाच आधार असतो. जव्हार आणि शेजारचा मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातल्या छोट्या जलाशयांचं नियोजन पंचायतींकडे दिलं आहे. २००६च्या वनहक्क कायद्यात तर सामूहिक हक्कांमध्ये मासे आणि पाण्यातून मिळणाऱ्या इतर वस्तूंचा नाव घेऊन उल्लेख आहे. म्हणजे जिला आपण मोकळी नदी समजतो, तिथे मासे धरण्याचा कुणाचा तरी हक्क आधीपासून आहे.

यावर शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की पाड्यावरची तरुण मुलंही मोबाइलवर वलगणीचे मासे टाकतात, त्यांना कुठे कुणी अडवतं? त्यांना अडवण्याचा अधिकार शहरातल्या कुणालाच नाही, मलाही नाही. डोह त्यांचा, तो दाखवायचा की नाही हे त्यांनी ठरवायचं, आणि त्यांच्या चित्रणात जे दिसतं ते पाहुण्याला कधी मिळायचंही नाही. पाहुण्याची गोष्ट वेगळी. त्याने गळ टाकण्याआधी पाड्यावर जाऊन विचारावं, हो म्हटलं तर कॅमेरा काठावर मांडावा, कोण चौकटीत यायला तयार आहे ते पाहावं, आणि जीपीएस घरून निघतानाच बंद करून यावं, कारण फाइलमध्ये एकदा नोंदलेले आकडे नंतर काढायचे बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही.