अवघड झालेले काळीज

दुःख झाले की आपले काळीज तुटते. भीतीने काळजाचे पाणी होते. दूर लाओसच्या डोंगरांतले हमोंग लोकही मनाचे दुखणे काळजावरूनच सांगतात. माणूस खचला, उदास झाला की ते म्हणतात, ‘काळीज अवघड झाले.’ आपल्याला हे ऐकताच समजते. अमेरिकेतल्या डॉक्टरांना मात्र समजायला फार वेळ लागला.

हे डोंगरी शेतकरी अमेरिकेत गेले कसे? व्हिएतनाम युद्धाच्या काळात सीआयए या अमेरिकन गुप्तहेर संस्थेने त्यांच्या हाती बंदुका देऊन त्यांना लाओसमध्ये लढवले. १९७५ साली कम्युनिस्टांची सत्ता आली आणि हमोंगांच्या जिवावर बेतले. लेकरे पाठीशी बांधून लोक मेकाँग नदीत उतरले. कित्येक बुडाले, कित्येकांना गोळ्या लागल्या. वाचले ते थायलंडमधील बान विनायसारख्या छावण्यांत वर्षे काढून फ्रेस्नो, सेंट पॉल अशा अमेरिकन शहरांत वसवले गेले.

जीव वाचला, पण मनाचे काय? शेत गेले, आप्त दुरावले, भाषा निरुपयोगी झाली. डोके दुखते, झोप नाही, अशा तक्रारी घेऊन माणसे दवाखान्यात जात. दुभाषा म्हणून पुष्कळदा घरचा शाळकरी मुलगाच! आपण रात्री रडतो, हे बापाने पोराच्या तोंडून कसे सांगावे?

१९७७ पासून दहा-बारा वर्षांत आग्नेय आशियातून आलेले शंभरावर निर्वासित झोपेतच दगावले. बहुतेक तरुण, धडधाकट पुरुष. त्यांत हमोंग अधिक. हृदयाच्या ठोक्यांतील जन्मजात दोष हे त्यामागचे एक कारण पुढे सापडले. छातीवर बसणाऱ्या भुताच्या स्वप्नांची दहशतही त्याला जोडली गेली असावी, असे संशोधक शेली ॲडलर यांनी मांडले.

कॅलिफोर्नियातील मर्सेडच्या रुग्णालयाने २००९ मध्ये हमोंग भगतांना रुग्णाच्या खाटेपाशी ठराविक विधी करण्याची रीतसर मुभा दिली. आम्ही भगतगिरीची तरफदारी करीत नाही. औषध बंद करून अंगारे लावणे घातकच. पण तिथे औषध चालूच राहिले. आपले कोणी ऐकते आहे असे वाटले, की रुग्ण डॉक्टरांवरही विश्वास टाकतो.

घरात कोणी सारखे ‘डोके दुखते, झोप नाही’ म्हणत असेल आणि तपासणीत काही निघत नसेल, तर ‘ढोंग करते’ म्हणू नका. जवळ बसा, काळीज कशाने अवघड झाले ते विचारा. मग मनोविकारतज्ज्ञाकडे सोबत जा. त्यात लाज कसली?