तुटलेली वायर बोलली पाहिजे : घरातला अलार्म, मोबाईल आणि पाचवीतला एक प्रश्न



पाचवीच्या वर्गात विद्युत परिपथ शिकवत होते. सेल, वायर, बल्ब, स्विच नेहमीप्रमाणे झालं. मी सहज म्हटलं, दाराला अलार्म असतो तोही असाच परिपथ असतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, चोरानं आधी वायरच कापली तर?"

मी म्हटलं, "तर लगेच भोंगा वाजेल." उत्तर बरोबर होतं. पण त्या संध्याकाळी घरी येऊन मागच्या दाराची वायर खरंच स्क्रूमधून काढून पाहिली, तर काहीच वाजलं नाही. दार सताड उघडलं, तरी काही नाही. आमच्या घरी यांची रात्रपाळी असते, मी, लेक आणि सासूबाई अशा तिघीच असतो. आईंना कमी ऐकू येतं, म्हणून तर अलार्म बसवला होता! आणि भोंगा वाजला की यांच्या मोबाईलवर संदेश जावा म्हणून त्याला वायफायचा एक छोटा कंट्रोलर बोर्ड नुकताच जोडला होता. तोही गप्पच होता. पुढचे दोन रविवार मी मल्टिमीटर घेऊन बसले. त्यात जे कळलं ते इथे लिहिते.

आधी अलार्म कसा चालतो ते पाहू. दाराच्या चौकटीत काचेच्या नळीतला एक बारीक स्विच असतो, त्याला रीड स्विच म्हणतात. १९३६ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमधल्या वॉल्टर एलवुड यांनी तो शोधला. नळीत लोखंडी धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. दारावरचं चुंबक जवळ असलं की त्या एकमेकींना चिकटतात, दार उघडून चुंबक लांब गेलं की सुटतात. म्हणजे दार बंद असताना परिपथ पूर्ण असतो आणि उघडलं की तुटतो. अलार्मची पेटी सतत एवढंच बघत असते की प्रवाह चालू आहे ना. तो थांबला की भोंगा. वायर कापली तरी प्रवाह थांबतोच, म्हणून भोंगा वाजायला हवा.

हे पहिल्यापासून असं नव्हतं बरं का. १८५३ मध्ये अमेरिकेतल्या ऑगस्टस पोप यांनी विजेवर चालणाऱ्या चोर-अलार्मचं पेटंट घेतलं, त्यात दार उघडल्यावर परिपथ पूर्ण होऊन घंटा वाजायची. अशा रचनेत वायर तुटली तर कुणालाच कळत नाही.

आता आमचा बिघाड. अशा वेळी सगळंच एकदम उसकटायचं नाही. साखळीचे तुकडे पाडायचे: दारं ते पेटी, पेटी ते बोर्ड, बोर्ड ते मोबाईल. एका वेळी एकच तुकडा तपासायचा.

मी शेवटाकडून सुरुवात केली. बोर्डावर इनपुटचे दोन स्क्रू असतात, ते वायरच्या तुकड्याने एकमेकांना टेकवले. मोबाईलवर लगेच संदेश आला. म्हणजे बोर्ड, वायफाय आणि मोबाईल ठीक, तो तुकडा सुटला.

मग पेटी ते बोर्ड. दुकानदाराने सांगितलं होतं, भोंग्याच्या दोन वायरी थेट बोर्डाला लावा. वायरमनने एकच लावून दुसरी मोकळी सोडली होती. मी चाचणीचं बटण दाबून भोंग्याच्या स्क्रूंवर मल्टिमीटर धरला, तर १२ व्होल्ट! हा बोर्ड ३.३ व्होल्टवर चालतो. त्याच्या इनपुटला बाहेरून व्होल्टेज द्यायचंच नसतं, फक्त दोन स्क्रू जुळले की सुटले एवढंच त्याला समजतं. दुसरी वायरही लावली असती तर बोर्ड जळण्याचीच शक्यता जास्त. वायरमनचा अर्धवटपणा असा कामी आला.

इथे मध्ये रिले लागतो. रिले म्हणजे चुंबकाने चालणारा स्विच. भोंग्याचे १२ व्होल्ट त्याच्या कॉइलला द्यायचे, कॉइल आतली पट्टी ओढते, आणि त्या पट्टीच्या वायरी बोर्डाला जातात. दोन्ही बाजूंचा विजेचा संबंधच येत नाही. कॉइलवर एक डायोड उलटा लावतात, कारण कॉइलचा प्रवाह तुटताना क्षणभर मोठा झटका येतो आणि तो पेटीला त्रास देऊ शकतो. तयार रिले मॉड्यूल घेतलं तर डायोड बहुतेक त्यावरच असतो.

रिलेवर तीन स्क्रू असतात: कॉमन, एनओ आणि एनसी. एनओ म्हणजे एरवी उघडा, एनसी म्हणजे एरवी जोडलेला. मी आधी एनओ लावला, संदेश येऊ लागला आणि मी खूश! रात्री पाचवीतला तो प्रश्न पुन्हा आठवला. रिले आणि बोर्डामधली वायर उंदराने कुरतडली तर? एनओमध्ये कुणालाच कळणार नाही, म्हणजे पोप यांचीच अडचण. एनसी लावला तर परिपथ एरवी पूर्ण राहतो, भोंगा वाजला की तुटतो आणि वायर तुटली तरी तुटतो. म्हणून एनसी लावला आणि ॲपमध्ये 'उघडा म्हणजे धोका' असं सेटिंग बदललं. कॉइलकडची वायर तुटली तर मात्र यातही कळत नाही, ती हातानेच तपासावी लागते.

राहिला दारांचा तुकडा. इथे पुढचं दार, खिडकी आणि मागचं दार असे तीन स्विच एकाच माळेत आहेत. पेटीची वीज आणि बॅटरी बंद केली, माळेच्या दोन्ही वायरी पेटीतून काढल्या आणि मल्टिमीटर 'बीप'वर ठेवला. लेकीला म्हटलं, एकेक उघड. पुढचं दार उघडलं, बीप थांबला. खिडकी उघडली, थांबला. मागचं दार उघडलं आणि बीप चालूच.

खिडकीजवळचा जोडडबा उघडला. मागच्या दाराकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी तिथे बोटभर तांब्याच्या तुकड्याने जोडून टाकल्या होत्या. म्हणजे मागचं दार माळेतून बाहेरच काढलेलं. मला आठवलं. पावसाळ्यात दोन रात्री भोंगा उगाच वाजला होता आणि मीच वायरमनला बोलावलं होतं. "ताई, आता नाही वाजणार," असं तो म्हणाला होता. शब्दाला जागला!

खरं कारण त्या दाराबाहेरच्या भिंतीवर सापडलं. वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेली. कोयनानगरला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे टेप काय टिकणार? आत हिरवा गंज चढला होता. वायर हलवली की मल्टिमीटरवरचा रोध काही ओहमवरून शेकड्यात जायचा. ओल आली की पेटीला वाटायचं, दार उघडलं. गंजलेला भाग कापला, जोडाला डाख दिला, वर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवली आणि झाकणाचा डबा बसवला.

चुंबक आणि स्विचमधलं अंतरही पाहून घ्या, ते सेंटिमीटरभराच्या आत असलेलं बरं. १९६७ च्या ११ डिसेंबरचा भूकंप इथल्या घराघरात अजून सांगितला जातो आणि लहान धक्के आम्हाला नवे नाहीत. सैल दार हादरलं की भोंगा वाजू शकतो, आणि मग कुणीतरी पुन्हा तांब्याचा तुकडा शोधतं.

वर्गात दाखवायला मी दोन सेल, टॉर्चचा बल्ब आणि कपाटाच्या दारावर ॲल्युमिनियम फॉइलच्या दोन पट्ट्या वापरल्या. दार बंद असेल तर पट्ट्या टेकतात आणि बल्ब लागतो, उघडलं की विझतो. घरच्या विजेला मुलांनी हात लावायचा नाही हे आधी बजावलं. मग प्रश्न विचारणाऱ्याच्याच हातात कात्री दिली. त्याने वायर कापली, बल्ब विझला. मी दुसरा सेट दिला, त्यात पट्ट्यांना बायपास करणारी वायर आधीच लावून ठेवली होती. त्याने दार उघडलं, बल्ब चालूच. दोन-तीनदा उघडझाप करून तो म्हणाला, "बाई, हा खोटं बोलतोय."

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी लेक तिन्ही ठिकाणं उघडून बघते आणि यांना फोन करून विचारते, संदेश आला का. तो तांब्याचा तुकडा मी विज्ञानपेटीत ठेवला आहे.