डिकन्सचं 'क्रमशः'

ऑक्टोबर २००५मध्ये बीबीसीने जरा धाडसच केलं. चार्ल्स डिकन्सची जाडजूड 'ब्लीक हाउस' तिने 'ईस्टएंडर्स' या लोकप्रिय घरगुती मालिकेच्या पाठोपाठ लावली. पहिला भाग तेवढा तासाचा, पुढचे चौदा अर्ध्या तासाचे, आठवड्याला दोन. अभिजात साहित्याला असं सासू-सुनांच्या पंगतीत बसवणं अनेकांना खटकण्याजोगं होतं.

डिकन्सला मात्र ते खटकलं नसतं. ही कादंबरी जन्मलीच मुळी हप्त्यांत: मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३, दर महिन्याला एक शिलिंगचा अंक. पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणूक'मधून अशीच क्रमशः छापली.

कथेच्या मुळाशी आहे लंडनच्या चान्सरी न्यायालयातला वारशाचा खटला, जार्नडिस विरुद्ध जार्नडिस. पिढ्या सरल्या, निकाल नाही. शेवटी मृत्युपत्र सापडतं, तोवर सगळी इस्टेट वकिलांच्या खर्चात गडप झालेली असते. तारखांना विटलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको! डिकन्सनेही त्या न्यायालयाची झळ सोसली होती. 'ख्रिसमस कॅरल'च्या चोरट्या आवृत्तीविरुद्ध १८४४मध्ये तो जिंकला. पण प्रतिवादींनी दिवाळं काढलं आणि खर्च त्याच्याच गळ्यात पडला.

पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांनी कात्री निर्दयपणे चालवली. कादंबरीतला स्नॅग्सबी गेला, बॅग्नेट कुटुंब गेलं. टल्किंगहॉर्न वकिलाला क्लॅम्ब नावाचा एक नवा कारकून मिळाला. सुरुवातीचं ते गाजलेलं धुक्याचं वर्णन बाजूला ठेवून मालिका थेट लंडनकडे निघालेल्या एस्थर या नायिकेपाशी पोचते. हातात धरलेले कॅमेरे, झटक्यासरशी बदलणारी दृश्यं. काहींना ही चाल भडक वाटते. पण दर अर्ध्या तासाने प्रेक्षकाला टांगणीला लावायचं तर तिला पर्याय नव्हता.

अभिनयाची बाजू मात्र निर्विवाद. 'द एक्स-फाइल्स'मुळे घरोघरी पोचलेली जिलियन अँडरसन इथे लेडी डेडलॉक होते आणि नजरेतल्या कंटाळ्याआड आयुष्यभराचं गुपित दडवते. त्या गुपिताच्या मागावर असलेला टल्किंगहॉर्न चार्ल्स डान्सने आवाजही न चढवता भीतिदायक केला. एस्थरच्या भूमिकेसाठी अ‍ॅना मॅक्सवेल मार्टिनला बाफ्टा पुरस्कार मिळाला.

हाती न लागलेली गोष्ट एकच, आणि ती मोठी. पुस्तकात दोन निवेदक आहेत: एक एस्थर, तर दुसरा वर्तमानकाळात बोलणारा, उपरोधाने जळजळणारा, अनाम. सबंध इंग्लंडवर त्याची नजर फिरते. एस्थर पडद्यावर माणूस म्हणून उभी राहते. त्या दुसऱ्याला ना चेहरा, ना नाव, मग नटाने साकारायचं तरी काय? त्याच्यासाठी पुस्तकच उघडावं लागतं.