चालत्या माणसाचा धागा

पुण्याहून मुंबईस निघालेला माणूस आगगाडीतून घरी बोलतो, तेव्हा त्यास वाटते की एकाच धाग्याने आपण घराशी बांधलेलो आहोत. वस्तुस्थिती निराळी आहे. वाटेत त्याचे बोलणे अनेक मनोऱ्यांच्या हातून गेलेले असते. ही सोपवणूक कशी होते, आणि ती फसली तर जबाबदार कोण, एवढाच विचार येथे करू.

1946 साली अमेरिकेत सेंट लुई शहरी मोटारीतला टेलिफोन सुरू झाला. एका बलवान प्रक्षेपकाने सारे शहर व्यापावे, अशी तेव्हाची रीत. त्यामुळे एका वेळी मोजकीच माणसे बोलू शकत. 1947 च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी दुसरी योजना मांडली. मुलखाची मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनी घरे पाडावीत, प्रत्येक घरास कमी शक्तीचा मनोरा द्यावा आणि त्याच लहरी दूरच्या घरांत पुन्हा वापराव्यात. जागा वाढली, पण नवा पेच पडला : बोलता बोलता माणूस घराची हद्द ओलांडील त्याचे काय? चालू बोलणे पुढल्या घरास सोपविणाऱ्या व्यवस्थेचे पेटंट त्याच प्रयोगशाळेतील एमॉस जोएल यांना 1972 साली मिळाले.

गिरणीत पाळी बदलते, पण माग थांबत नाही. तसेच हे आहे. फोन आपल्या मनोऱ्याचा आणि शेजारच्या मनोऱ्यांचा जोर सतत मोजतो व वर कळवितो. शेजारचा मनोरा ठराविक फरकाने आणि ठराविक वेळ सरस ठरला, तरच बदलीचा हुकूम सुटतो. हा फरक न राखला तर हद्दीवरचा फोन दोन मनोऱ्यांत चेंडूसारखा फिरत राहील.

घरच्या वायफायवरून रस्त्यावरच्या जाळ्यात जाताना अडचण आणखी वाढते. तेथे फोनचा पत्ताच बदलतो, आणि पलीकडचा संगणक जुन्याच पत्त्यावर टपाल धाडीत राहतो. 1996 साली यावर एक तोड प्रमाणित झाली : मूळ गावी एक मुखत्यार ठेवावा, त्याने टपाल नव्या पत्त्यावर रवाना करावे. 2021 साली प्रमाणित झालेल्या ‘क्विक’ या पद्धतीने संभाषणालाच स्वतंत्र क्रमांक दिला. कामगार एका कारखान्यातून दुसऱ्यात गेला तरी युनियनच्या वहीतला त्याचा सभासद क्रमांक तोच राहावा, तसा हा प्रकार.

आता जबाबदारीचा प्रश्न. वायफायच्या दोन केंद्रांत निवड बहुधा फोनच करतो. पण मनोऱ्यांच्या जाळ्यात फोन केवळ खबर देतो, चालू बोलण्याच्या बदलीचा निर्णय जाळ्याचा असतो. शेजारच्या घरात मोकळी जागा नसली, अथवा बोगद्यात हुकूम पोचण्याआधीच जुना मनोरा दिसेनासा झाला, तर धागा तुटतो. आज घरोघर माल पोचविणाऱ्या कामगाराची हजेरी याच धाग्यावर लागते. धागा तुटला म्हणून त्यास गैरहजर धरणे म्हणजे वीज गेल्यावर विणकराची मजुरी कापण्यासारखे आहे. ज्याच्या हाती निर्णय, त्याच्याच माथी जबाबदारी. हा न्याय गिरणीत जितका खरा, तितकाच मनोऱ्याखालीही खरा आहे. म्हणून संपर्क तुटल्याचा काळ कामाचाच काळ धरावा, ही मागणी आम्ही करतो, आणि हे यंत्र समजलेला प्रत्येक नागरिक तिला रास्त म्हणेल अशी आमची खात्री आहे.