कोनाडा, सांद आणि खलबत

आडबाजूच्या जागेला मराठीत नावांची वाण नाही. त्यांतला ‘कोपरा’ माणसाच्या हातातून निघाला. संस्कृत ‘कूर्पर’चे मराठीत ‘कोपर’ झाले आणि हात वाकतो तशा दोन भिंती जिथे वळतात तो कोपरा ठरला. कोपरखळी आणि कोपरापासूनचा नमस्कार मात्र हाताला धरूनच राहिले. ‘सांद’ हीदेखील सांध्याचीच, ‘संधि’पासून आलेली. दोन घरांमधल्या, जेमतेम मांजर जाईल अशा फटीला ती शोभते.

‘कोनाडा’ हा शब्द ‘कोन’वरून आला. मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशात तो भिंतीतील खोलगट जागेसाठी दिलेला आहे. गंमत अशी, की कोनाडा बहुधा कोपऱ्यात नसतोच. तो सरळ भिंतीच्या अंगात असतो. शेजारच्या कानडीत तर ‘कोणे’ म्हणजे अख्खी खोली.

  सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात, आष्ट्याच्या भागात, जुन्या दगडमातीच्या घरांत कोनाड्याला देवळी किंवा दिवळी म्हणतात. भिंत दीड-दोन हात जाड, म्हणूनच तिच्या पोटात जागा सोडता येई. दाराशेजारी, हात सहज पोचेल अशा उंचीवर देवळी असायची. वरचा भाग काजळीने काळा, कडेला तेलाचा ओघळ, आत चिमणी, काडेपेटी आणि कुलपाची किल्ली. याच जाड भिंतीत बळदही असे. त्यात धान्य राही आणि वेळप्रसंगी डागही दडवले जात. विटा-सिमेंटची वीतभर भिंत आली, वीज आली आणि देवळीचे कामच संपले. तिची जागा फळीने घेतली. पण फळीवरचे सगळे उघड्यावर असते.

विजनतेचे शब्द वेगळ्या वाटेने आले. ‘एकांत’ म्हणजे ‘एक अंत’, एकीकडची बाजू. आधी ती जागा होती, मग मनाची स्थिती झाली. ‘रहस्य’ शब्दाच्या मुळाशी असलेले ‘रहस्’ म्हणजे एकांतस्थळ; तिथे बोलले जाते ते रहस्य. फारसीतून आलेल्या अरबी ‘खल्वत’चेही तसेच झाले. मूळ अर्थ एकांत. सूफी साधक त्यासाठी जगापासून बाजूला होत. मराठीत त्याचे ‘खलबत’ झाले आणि अर्थ उरला गुप्त मसलतीचा. रायगडावरच्या ‘खलबतखाना’ या नावात हा अर्थ अजून दिसतो. पुढे खलबताला कटाचा वास लागला तो लागलाच. आज ‘खलबते चालली आहेत’ हे कौतुकाने कोणी म्हणत नाही.

‘कानाकोपरा’ने तर अर्थच उलटा केला. घराचा कानाकोपरा झाडला म्हणजे काहीच आडोशाला उरले नाही. आणि बातमीत राज्याच्या कानाकोपऱ्यांतून लोक आले म्हणजे सगळीकडून आले.