वेग अडतो कोठे?

श्रोतेहो, विहिरीला पाणी भरपूर आहे, पंपही चालू आहे, पण शेवटचा वाफा कोरडाच राहतो, असे झाले तर आपण काय करतो? विहिरीला बोल लावत बसत नाही. खोरे खांद्यावर टाकतो आणि पाटाच्या कडेकडेने चालू लागतो. कोठे पाट फुटला, कोठे गवत अडकले, ते पाहतो. घरातल्या किंवा शाळेतल्या वायरीवरचे इंटरनेट संथ झाले, तर तेथेही हाच शेतकऱ्याचा उपाय चालतो.

असे समजा, की एका गुरुजींच्या घरी १०० मेगाबिटांची योजना होती. मुलीचा अभ्यास वाढला, म्हणून त्यांनी ३०० ची घेतली. बिल वाढले, वेग मात्र होता तेवढाच राहिला. गुरुजी रागावले ते जोडणी देणाऱ्यावर. कधी चूक त्याची असतेही. पण पुष्कळदा ती आपल्याच घरात, हातभर वायरीत दडलेली असते, आणि आपण दरमहा न मिळालेल्या वेगाचे पैसे भरत राहतो.

आधी हिशेब समजून घेऊ. कंपनी वेग सांगते मेगाबिटांत, आणि फाइल उतरवताना पडद्यावर आकडा दिसतो तो बहुधा मेगाबाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हा १०० मेगाबिटांच्या जोडणीवर सेकंदाला सुमारे १२ मेगाबाइट उतरले, तर कोणी फसवले असे नव्हे. ते पुरे माप आहे.

आता मोजणी करू. घरातले इतर फोन आणि टीव्ही थोडा वेळ इंटरनेटवरून काढा. संगणकावर वेग मोजा, एकदा नव्हे, तीनदा. सकाळी आणि रात्रीही. आकडे वहीत लिहा. मग संगणक उचलून थेट राउटरजवळ न्या आणि आखूड, चांगल्या वायरीने जोडा. येथे वेग पुरा मिळाला, तर दोष घरातल्या लांब वायरीत आहे. येथेही कमीच मिळाला, तर दुसरी वायर, राउटरवरची दुसरी खाच, दुसरा संगणक असे बदलून पाहा. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला, बरे का! दोन बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळणार नाही.

या तपासात एक आकडा ध्यानात ठेवा. मोजलेला वेग दर वेळी ९० ते ९५ च्या घरात येऊन थांबत असेल, तर समजावे की जोडणी १०० वरच अडली आहे. हे कसे होते? वायरीच्या पोटात आठ बारीक तारा असतात. दोन-दोनांना पीळ घातलेल्या चार जोड्या. १०० मेगाबिटांना त्यांतल्या दोनच जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी. १००० मेगाबिटांना, म्हणजे गिगाबिटला, चारही लागतात; ही पद्धत १९९९ साली प्रमाण ठरली. नारिंगी किंवा हिरवी तार तुटली, तर जोडणी बहुधा बंदच पडते आणि आपल्याला लगेच कळते. पण निळी किंवा तपकिरी तुटली, तर दोन्हीकडची यंत्रे आपापसात ठरवून १०० वर येतात आणि मुकाट्याने काम करीत राहतात. संगणकाच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटखाली 'लिंक स्पीड' पाहिली, की ही गोष्ट उघडी पडते.

तारा तुटतात कशाने? दाराच्या फटीत चेंगरून, खिळा बसून, उंदरांनी कुरतडून. पुष्कळदा टोकाचे पारदर्शक बोंडच सैल झालेले असते. ते कापून नवे बसवावे. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मनाने क्रम लावू नये. जोड्या फुटल्या, की पिळाचा उपयोग जातो आणि जोडणीत चुका होऊ लागतात.

वायर घेतानाही पाहून घ्यावी. स्वस्त वायरीत कित्येकदा तांब्याचा नुसता मुलामा असतो. तुकड्यातली तार ब्लेडने खरवडा. आत पांढुरकी निघाली, तर ते ॲल्युमिनियम. लांबी १०० मीटरांपलीकडे नेऊ नये, आणि विजेच्या तारांना बिलगून वायर ओढू नये. एवढे करूनही आकडा हलला नाही, तर राउटरची किंवा मधल्या स्विचची खाचच १०० ची आहे का, ते पाहा. कित्येक जुन्या यंत्रांची तशी असते. मग वायर सोन्याची आणली तरी उपयोग नाही. यंत्रच बदलावे लागेल.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेतला संगणक संथ झाला, तर हा तपास मुलांच्या हातून करवून घ्या. मोजणे, लिहिणे, एक गोष्ट बदलणे, पुन्हा मोजणे. विज्ञानाचा तास याहून वेगळा तो काय असतो? आणि सगळा पाट चालून गेल्यावर दोष आपल्या हद्दीत नाही असे ठरले, तर ती वही घेऊन कंपनीच्या माणसाला बोलवा. 'नेट चालत नाही' एवढेच ऐकण्याची त्याला सवय असते. तारीख, वेळ आणि आकडे समोर ठेवले, म्हणजे त्याला दोष शोधणे सोपे जाते आणि टाळाटाळ करणे अवघड.