आठवड्यातील चार रात्री : पुणे शहरातील नोकरदारांच्या अंशकालीन निवासाचा प्रश्न

प्रस्तावना

सोमवारी पहाटे सातारा, सांगली किंवा कोल्हापूरहून निघून पुण्यात कामावर हजर व्हायचे, चार रात्री शहरात काढायच्या आणि शुक्रवारी सायंकाळी स्वारगेट गाठायचे, हा अनेक नोकरदारांचा नित्यक्रम आहे. जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा, वृद्ध आईवडील यांमुळे घर हलविता येत नाही. महाविद्यालयीन अध्यापकही यास अपवाद नाहीत. त्यांपैकी तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना तर घरभाडे भत्ताही नसतो. अशा व्यक्तीस घर नको असते. हवी असते ती परवडणारी, सुरक्षित आणि पुढच्या सोमवारीही हमखास मिळणारी झोपण्याची जागा. या गरजेचे आर्थिक व कायदेशीर स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपरंपरा

घर एकीकडे आणि काम दुसरीकडे ही स्थिती महाराष्ट्रास नवी नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकण आणि घाटावरून आलेले कामगार कुटुंब गावी ठेवून सामाईक खोल्यांत राहत. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने झोपण्याची एकच जागा अनेकांच्या उपयोगी पडे. जेवण खानावळीत मासिक हिशेबाने होई. अशा खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाद्वारे संघटित केले. पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार आदी पेठांत रूढ झालेली ‘कॉट बेसिस’ची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे : येथे भाडे खोलीचे नसते, खाटेचे असते.

तथापि दोन्हींत एक फरक आहे. मेसमध्ये आगाऊ कळविल्यास गैरहजेरीचे ‘खाडे’ धरले जातात व तेवढी रक्कम वजा होते. कॉटला मात्र खाडा नाही. शनिवार-रविवार ती रिकामी असली तरी भाडे पूर्ण महिन्याचे द्यावे लागते. अंशकालीन निवासाच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

खर्चाचा हिशेब

निवासाची तुलना मासिक भाड्यावर न करता प्रत्यक्ष वापरलेल्या रात्रीवर करणे उचित ठरते. केवळ उदाहरणादाखल कॉटचे मासिक भाडे 6000 रुपये आणि साध्या लॉजचा दर प्रतिरात्र 500 रुपये मानू. आठवड्याला चार रात्री म्हणजे महिन्याला सुमारे 17 रात्री होतात. कॉटची एक रात्र तेव्हा 200 रुपयांना नव्हे, तर सुमारे 353 रुपयांना पडते. लॉजचा खर्च 8500 रुपये होत असल्याने कॉट किफायतशीर ठरते. आठवड्याला दोनच रात्री राहणाऱ्यास मात्र लॉजचे सुमारे 4500 रुपये पुरतात. दोन्ही पर्याय 12 रात्रींवर समान होतात. म्हणजे आठवड्याला तीन रात्री ही साधारण सीमारेषा होय. दर बदलले तरी रीत हीच राहते. मासिक भाड्यास रात्रीच्या दराने भागले असता ही सीमा मिळते.

या हिशेबात अनामत रक्कम, जेवण व शहरांतर्गत प्रवासही धरावा लागतो. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट हा मेट्रो मार्ग सप्टेंबर 2024 मध्ये पूर्ण झाल्याने कामाच्या जागेजवळच राहण्याची निकड काहींपुरती कमी झाली आहे. मेट्रो स्थानकापासून पायी अंतरावरील दूरची जागा, जवळच्या पण रिक्षावाचून न पोहोचता येणाऱ्या जागेपेक्षा स्वस्त पडू शकते.

कायद्याची चौकट

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अंमलात आला. त्याच्या कलम 55 नुसार भाड्याचा व लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकावर आहे. करार अकरा महिन्यांचा असल्यास नोंदणी लागत नाही, हा समज त्यामुळे महाराष्ट्रात गैरलागू ठरतो. नोंदणीकृत करार नसल्यास अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

परंतु कॉटवर राहणाऱ्यास या संरक्षणाचा भरवसा धरता येत नाही. याच अधिनियमातील ‘लायसन्सी’च्या व्याख्येतून पेइंग गेस्ट, तसेच वसतिगृह, लॉज व अतिथिगृहात राहणारे वगळलेले आहेत. शिवाय पेइंग गेस्ट म्हणजे लायसन्स देणारा स्वतः जेथे राहतो त्या जागेचा भाग वापरणारी व्यक्ती, असा कायद्याचा अर्थ आहे. मालक अन्यत्र राहत असलेल्या सदनिकेस ‘पीजी’ म्हणणे व्यवहारात रूढ असले, तरी कायद्याच्या व्याख्येत ते बसत नाही. यास्तव जागा घेण्यापूर्वी पैसे घेणारी व्यक्ती मालक आहे की मधला चालक, हे पाहणे आवश्यक ठरते. अनामत परतीची मुदत, सोडण्याची पूर्वसूचना आणि सुट्टीत खाट दुसऱ्यास दिली जाणार नाही याची हमी लेखी घ्यावी. प्रत्येक रकमेची पावती हाच अशा निवासाचा प्रमुख पुरावा असतो.

करव्यवस्थाही महिनाच मोजते. 15 जुलै 2024 पासून दरमहा 20,000 रुपयांपर्यंतच्या निवाससेवेस वस्तू व सेवा करातून सूट आहे. मात्र किमान सलग 90 दिवसांच्या निवासाची अट आहे. रात्रीपुरत्या निवासास या सवलतीचा लाभ होत नाही.

स्त्रियांसाठीची तरतूद

केंद्र शासनाची नोकरदार महिला वसतिगृह योजना 1972-73 पासून असून मिशन शक्ती अंतर्गत ती आता ‘सखी निवास’ या नावाने ओळखली जाते. पती वा निकटचे कुटुंब त्याच शहरात राहत नसलेल्या विवाहित स्त्रियांचाही तीत समावेश आहे. घर एका गावी व नोकरी दुसऱ्या गावी, या स्थितीची शासनाने घेतलेली ही स्पष्ट दखल महत्त्वाची आहे. उत्पन्नाची व मुक्कामाच्या कालावधीची मर्यादा यांमुळे तिचा लाभ सर्वांस होत नाही. खाजगी वसतिगृहांत तर प्रवेशाच्या ठरावीक वेळा हा आणखी एक अडसर असतो. सायंकाळच्या सत्रात शिकविणाऱ्या अध्यापिकेस तो विशेष जाचतो.

समारोप

बाजार, कायदा आणि कर हे तिन्ही निवासाची गणना महिन्याने करतात. आठवड्याच्या चार रात्री राहणाऱ्याची गरज मात्र रात्रीने मोजावी लागते. ही तफावत वैयक्तिक काटकसरीने पूर्णतः भरून निघणारी नाही. महाविद्यालयांनी आपल्या अतिथिगृहातील वा वसतिगृहातील काही खाटा बाहेरगावच्या अध्यापकांस रात्रीच्या हिशेबाने, लेखी नियमांसह उपलब्ध करून दिल्या, तर अल्प खर्चात मोठी सोय होईल. खानावळीने फार पूर्वी मान्य केलेला खाडा निवासव्यवस्थेनेही मान्य करावा, एवढीच ही अपेक्षा आहे.